गोड बातमीची वाट पाहताना

मैत्रिणींनो, लग्नाला सहा महिने होतात न होतात तोच प्रश्न सुरू होतात. हळदीकुंकवाला गेलात की शेजारच्या काकू आधी तुमच्या पोटाकडे बघतात. नणंदेच्या डोहाळजेवणात कुणीतरी मुद्दाम तुमची ओटी भरतं. सासूबाई तोंडानं काही बोलत नसल्या, तरी महिन्याच्या त्या चार दिवसांत त्यांचा चेहरा पाहवत नाही. वर्ष उलटलं की मग सल्ले! अमक्या वैद्याची पुडी, तमक्या देवाची वारी, पपई खाऊ नकोस, पायऱ्या चढू नकोस, नोकरी सोड... आणि गंमत पाहा, हे सगळे सल्ले तुम्हालाच. तुमच्या यजमानांना कुणी बाजूला घेऊन "काय रे, तुझी तपासणी झाली का?" असं विचारल्याचं ऐकलंय कधी?

मूल राहायला दोन माणसं लागतात आणि महिन्यातले मोजके पाच-सहा दिवस. हे दिवस ओळखता येतात. त्याला पैसा लागत नाही, लागते ती एक वही.

वहीची गोष्ट निघाली म्हणून तुम्हाला पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात नेते. केंदूर हे तिथलं गाव. वारकरी मंडळींना ते संत कान्हूराज पाठकांचं गाव म्हणून माहीत आहे. केंदूर-पाबळचा हा टापू बाजरी-कांद्याचा, तसा पाण्यानं उणाच. याच टापूतल्या सहा खेड्यांत पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयानं डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकारानं १९९३-९४ पासून एक मोठा अभ्यास हाती घेतला. त्याच रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींनी जवळच्या वढूला सत्तरच्या दशकात ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं होतं आणि गावातल्याच मुलीबाळींना आरोग्याचं शिक्षण दिलं होतं, त्यामुळे दार उघडायला बायका तयार होत्या. अभ्यासात अडीच हजारांच्या आसपास विवाहित स्त्रिया होत्या. कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघर जायच्या आणि एकच गोष्ट न चुकता विचारून लिहून घ्यायच्या: "ताई, या वेळी पाळी कधी आली?" दोन पाळ्या चुकल्या की सोनोग्राफी करून गर्भ किती दिवसांचा आहे ते बघायचं.

अभ्यास मूल राहावं यासाठी नव्हता, हे आधीच सांगते. आईच्या खाण्याचा बाळाच्या वजनाशी काय संबंध, हे त्यांना शोधायचं होतं. त्याकडे पुढे येईनच. पण मला त्यातली ती तारीख फार महत्त्वाची वाटते. शेतात राबणाऱ्या, काही तर फारशा न शिकलेल्या बायकांनी महिनोन्महिने आपली तारीख नीट सांगितली. आणि आपण शहरातल्या, दुधाचा हिशेब कॅलेंडरवर लिहिणाऱ्या! डॉक्टरांनी "शेवटची पाळी कधी?" विचारलं की आपण छताकडे बघतो आणि म्हणतो, "गणपतीच्या आधी कधीतरी."

चौदावा दिवस सगळ्यांचा नसतो

पाळीच्या चौदाव्या दिवशी बीज सुटतं, हे आपण कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. ते खरं, पण अठ्ठावीस दिवसांची पाळी असलेल्या बाईपुरतंच. जपानमधले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. क्यूसाकू ओगिनो यांनी १९२४ साली आपलं संशोधन मांडलं. त्यांचं म्हणणं असं, की गेल्या पाळीपासून पुढे मोजू नका, येणाऱ्या पाळीपासून मागे मोजा. पुढची पाळी यायच्या आधी बारा ते सोळा दिवस, म्हणजे सरासरी चौदा दिवस, स्त्रीबीज बाहेर पडतं. पुढे लोकांनी हाच हिशेब मूल नको असताना वापरला, तो "सुरक्षित काळ" म्हणून. पण मूल हवं असणाऱ्यांना तो अधिक उपयोगाचा आहे.

म्हणजे पाळी पस्तीस दिवसांनी येत असेल तर बीज साधारण एकविसाव्या दिवशी सुटणार. ती बाई जर चौदाव्या दिवसाच्या भरवशावर राहिली तर दर महिन्याला आठवडाभर आधीच दमून बसते! उलट चोवीस दिवसांची पाळी असेल तर दहाव्या दिवशीच वेळ आलेली असते, आणि "चार-पाच दिवस झाले की न्हाऊन धुऊन मग सवडीनं" म्हणता म्हणता ती निघून जाते.

बीज सुटलं की ते बारा ते चोवीस तासच टिकतं. पुरुषाचे शुक्रजंतू मात्र स्त्रीच्या शरीरात तीन-चार, कधी पाच दिवससुद्धा जगतात. म्हणून पाहुणा येण्याआधीच घरात कुणीतरी हवं! अमेरिकेत उत्तर कॅरोलायनात २२१ स्त्रियांचा अभ्यास झाला, तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात गर्भ राहिले ते सगळे बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, या सहा दिवसांतल्या संबंधांतून. बीज सुटून गेल्यानंतरच्या दिवसांतून एकही नाही. "आता दिवस उलटून गेले, आता प्रयत्न करू" यात अर्थ नाही तो यासाठी.

आता वही. पाळी सुरू झाली तो पहिला दिवस. (नुसता डाग दिसला तो धरू नका, नीट अंगावरून जायला लागलं तो धरा.) त्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत किती दिवस झाले ते मांडा. असं सहा महिने लिहा. त्यातली सर्वांत लहान पाळी घ्या आणि तिच्यातून १८ वजा करा, हा तुमच्या उपयोगी काळाचा पहिला दिवस. सर्वांत मोठ्या पाळीतून ११ वजा करा, हा शेवटचा. समजा तुमच्या पाळ्या २७ ते ३१ दिवसांच्या आहेत. तर नववा दिवस ते विसावा दिवस. पाळी महिन्याच्या ३ तारखेला आली असेल तर ११ तारखेपासून २२ तारखेपर्यंत. बस्स, एवढंच गणित. वाणसामानाच्या हिशेबाहून सोपं आहे.

हिशेबाच्या जोडीला शरीराची एक खूण आहे. ती आपल्याला आया-आज्यांनी कधी सांगितली नाही, आणि दिसली तर "अंगावरून पांढरं जातंय" म्हणून आपण घाबरतो. पाळी संपली की काही दिवस कोरडं जातं. मग थोडा चिकट, दाटसर स्राव दिसतो. आणि बीज सुटायच्या वेळेला तो पातळ, पारदर्शक, निसरडा होतो. भेंडी चिरताना जशी तार सुटते ना, अगदी तसा. दोन बोटांत धरला तर लांबतो. हेच दिवस सर्वांत चांगले. तो पुन्हा दाट झाला की त्या महिन्याची वेळ गेली. या स्रावाला वास नसतो, खाज नसते. दह्यासारखा, हिरवट-पिवळा किंवा दुर्गंधीचा असेल, खाजत असेल, तर तो आजार; त्याला औषध हवं.

दोन-तीन महिने खूण आणि हिशेब ताडून पाहिलात की तुमचं तुम्हालाच कळू लागेल. औषधांच्या दुकानात लघवीवर दिवस सांगणाऱ्या पट्ट्याही मिळतात. परवडत असतील तर घ्या, पण भेंडीची तार फुकट आहे.

मग या दिवसांत काय करायचं? दररोज किंवा एक दिवसाआड संबंध ठेवावा. "साठवून ठेवलं तर जोर येतो" ही पुरुषांची आवडती समजूत चुकीची आहे. फार दिवसांची साठवण झाली तर शुक्रजंतू उलट मंदावतात. आणि दुसऱ्या टोकाला जाऊन कॅलेंडरवर लाल खुणा करून नवऱ्याला हुकूम सोडू नका. "आज चौदावा दिवस आहे, पिक्चरला जायचं नाही" असं ऐकल्यावर कुणाला उत्साह वाटणार? आठवड्यातून दोन-तीनदा सहज जवळ येणारी जोडपी तारखा न मोजताही वेळ साधतात.

तारखांचा खरा उपयोग आहे तो ज्यांचं एकत्र राहणंच मोजकं आहे त्यांना. रांजणगाव-चाकणच्या कारखान्यांत पाळ्या लागतात. तो रात्रपाळीहून येतो तेव्हा ती कामावर निघालेली असते. कुणाचा नवरा मुंबईला, शनिवारी येतो आणि सोमवारी पहाटेच्या गाडीला जातो. कुणाचा लष्करात. अशा जोडप्यांना दोन वर्षांत मूल झालं नाही तर त्यांना "दोष" म्हणायचा कसा? ते त्या सहा दिवसांत कितीदा एका छताखाली होते तेवढं आधी वहीत बघा. रजा मागायची तर दिवाळीची मागण्याआधी या दिवसांची मागावी, असं मी तर म्हणेन.

सण-उपवासांचंही तेच. जुन्या शास्त्रकारांनी ऋतुकाल सोळा रात्रींचा मानला, आणि पहिल्या चार वर्ज्य सांगितल्या. इथवर हिशेब बराच जुळतो. पण मनुस्मृतीत अकरावी आणि तेराव्या रात्रीही वर्ज्य आहेत. अठ्ठावीस दिवसांची पाळी असलेल्या बाईचे नेमके हातचे दिवस! शिवाय सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी असं म्हटलंय. बाळ मुलगा की मुलगी हे वडिलांच्या शुक्रजंतूवर ठरतं, रात्रीच्या आकड्यावर नाही. व्रतवैकल्यं तुम्ही जरूर करा, तो श्रद्धेचा भाग आहे. पण महिन्यातून सहाच दिवस मिळतात, आणि त्यांतले तीन एकादशी, संकष्टी आणि गुरुवारात गेले तर उरलं काय?

थोडं बारीकसारीक, कारण हे विचारायला लाज वाटते. संबंधानंतर काही स्राव बाहेर येतोच. "सगळं वाया गेलं" असं समजू नका. जे पोचायचे ते शुक्रजंतू काही मिनिटांत आत पोचलेले असतात. कमरेखाली उशी घेणं, पाय भिंतीला लावून तासभर पडणं याची गरज नाही. दहा मिनिटं पडलात तर बिघडत नाही, इतकंच. लगेच आतून पाण्यानं किंवा डेटॉलसारख्या औषधानं धुणं मात्र बंद करा. बाजारातली काही जेलं शुक्रजंतूंना मारक ठरतात, तीही या दिवसांत नकोत. आणि संबंध जमतच नसेल, फार दुखत असेल, भीतीनं शरीर आवळत असेल, तर ते मनातल्या मनात ठेवू नका. लग्नाला तीन-तीन वर्षं होऊन पुरता संबंध आलेलाच नाही अशी जोडपी असतात, आणि घरची माणसं बिचारी अंगारे लावत असतात. यावर उपचार आहेत.

त्याची तपासणी आधी का?

महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाईंना मूल झालं नाही. घरच्यांनी जोतीरावांच्या मागे दुसऱ्या लग्नाचा लकडा लावला. त्यावर जोतीरावांनी दिलेलं उत्तर पुण्यात आजही सांगितलं जातं. मूल न होण्याचं कारण पुरुषात निघालं तर बायकोनं दुसरा नवरा केलेला तुम्हाला चालेल का, असं त्यांनी उलट विचारलं म्हणे. तेव्हा वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यायची सोय कुणाला नव्हती, पण प्रश्न बिनतोड होता. पुढे १८७४ साली त्यांनी काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा दत्तक घेतला. तोच यशवंत डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यासाठी रोगी आणता आणता सावित्रीबाईंनी देह ठेवला.

दुसऱ्या लग्नाचा मार्ग कायद्यानं मुंबई राज्यात १९४६ पासून आणि पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं देशभर बंद झाला. धमकी मात्र अजून संपलेली नाही. "माहेरी पाठवू" एवढ्यावर आली आहे. म्हणूनच सांगते, मूल न होणाऱ्या जोडप्यांत साधारण निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. आणि त्याची तपासणी सर्वांत सोपी. तुमच्या नळ्यांची, बीजाची, रक्ताची तपासणी करायची तर महिना जातो, त्रास होतो, खर्च होतो. त्याला फक्त एका स्वच्छ बाटलीत वीर्य द्यायचं असतं. त्याआधी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस संबंध नको. घरी घेतलं तर तासाभरात प्रयोगशाळेत पोचवायचं, खिशात अंगाच्या उबेला धरून. रिपोर्ट कमी आला तरी एकावर निकाल लावू नका. ताप येऊन गेला असेल तरी संख्या घटते. काही आठवड्यांनी पुन्हा करावी.

यजमानांना पटवायचं कसं, हा खरा प्रश्न. "तुमच्यात दोष आहे का बघू" म्हटलं की दार आपटून जातील. "डॉक्टर म्हणतात दोघांचं एकदमच करायचं असतं" असं म्हणून बघा. डॉक्टर खरंच तसंच म्हणतात. पुरुषत्व आणि शुक्रजंतूंची संख्या यांचा काही संबंध नाही, धडधाकट गड्याचीही संख्या शून्य निघू शकते, हेही त्यांना कुणीतरी सांगायला हवं. वयात आल्यावर गालगुंड होऊन अंड सुजलं होतं का, लहानपणी अंड खाली उतरलं नव्हतं म्हणून किंवा हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं का, हे सासूबाईंना माहीत असतं. तेवढं विचारून ठेवा.

शुक्रजंतू तयार व्हायला सत्तरेक दिवस लागतात. म्हणजे त्यांनी आज तंबाखू सोडली तर फरक तीन महिन्यांनी दिसेल. पंधरा दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून पुन्हा सुरू करू नये. तंबाखू, सिगरेट, गुटखा (२०१२ पासून राज्यात बंदी आहे, तरी कोपऱ्यावर मिळतोच) आणि रोजची दारू, हे सगळं यात मोडतं. व्यायामशाळेतली दंड फुगवणारी इंजेक्शनं तर शुक्रजंतू पार थांबवतात. दिवसभर भट्टीपुढे उभं राहणाऱ्यांनी डॉक्टरांना आपलं काम काय आहे ते जरूर सांगावं.

केंदूरच्या बाजूला काय आढळलं?

आता त्या अभ्यासाकडे परत येऊ, कारण तुमच्या ताटाचा प्रश्न तिथे आहे. त्या बायकांचं गर्भ राहायच्या आधीचं वजन सरासरी बेचाळीस किलोच्या आसपास होतं. ज्यांच्या खाण्यात गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर होतं, त्यांची बाळं वजनानं चांगली निघाली. आणि दुसरी गोष्ट अशी की, रक्त तपासलं तेव्हा दोन तृतीयांश बायकांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं. भाजीपाल्यात ब-१२ नसतं. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. आता पाहा, दूध गोठ्यातलं असलं तरी पहाटे डेअरीला जातं. उरलेलं चहाला, त्यातलं उरलेलं मुलांना आणि सासऱ्यांना. सून शेवटी जेवते आणि भाकरीबरोबर पातळ आमटी घेते. शहरात गोठा नसला तरी क्रम तोच आहे, नाही का? पुढे त्याच कुटुंबांतल्या मुलामुलींना वयात येतानाच ब-१२ देऊन पाहण्याचा प्रयोगही याच संशोधकांनी केला, म्हणजे आई होण्याच्या पुष्कळ आधीपासून.

तुम्ही निदान एवढं करा. मूल हवं असं ठरवलं त्याच महिन्यापासून रोज वाटीभर दूध-दही स्वतःसाठी बाजूला काढा, आणि डॉक्टरांना विचारून फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करा. रोज ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे अगदी बारीक गोळी. बाळाच्या मेंदूची आणि पाठीच्या कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते. तेव्हा तुमची पाळी जेमतेम दोन आठवडे चुकलेली असते. दिवस गेल्याचं कळल्यावर गोळी सुरू करणं म्हणजे पाहुणे जेवून गेल्यावर भात टाकणं. आधी बाळाच्या कण्यात दोष निघाला असेल किंवा तुम्हाला मधुमेह असेल तर मात्रा जास्त लागते. ती डॉक्टर ठरवतील. ब-१२ कमी आहे का, रक्त कमी आहे का, थायरॉइड कसा आहे, हे एकाच वेळच्या रक्तात कळतं.

वजनाचं दोन्ही बाजूंनी असतं. फार काटकुळ्या बाईची पाळी लांबते, आणि अंग सुटलेल्या बाईचीही. शहरांत आता पाळी दोन-दोन महिने न येणं, हनुवटीवर केस, वाढतं वजन हे एकत्र दिसतं. डॉक्टर त्याला पीसीओएस म्हणतात. अशा वेळी वजन शेकडा पाच-दहा उतरलं तरी अनेकींची पाळी आपोआप मार्गावर येते. सत्तर किलोची बाई असेल तर चार ते सात किलो. उपाशी राहून नव्हे. रोज पाऊण तास चालणं आणि रात्रीचा भात-साखर कमी करणं.

मिश्री लावता का? रागावू नका. पुणे जिल्ह्यातल्या किती तरी घरांत सकाळी दाताला मिश्री लावल्याशिवाय बायकांचा दिवस उजाडत नाही, आणि "ती काही तंबाखू खात नाही" असं त्यांच्याबद्दल म्हटलं जातं. मिश्री ही भाजलेली तंबाखूच. गर्भ राहायलाही ती वाईट आणि राहिल्यावर बाळाच्या वजनालाही वाईट. आत्ताच सोडा. चहा दोन कपांवर ठेवलात की पुरे. तो अगदी तोडायचं कारण नाही.

पाळणा लांबवण्याच्या गोळ्या घेत असाल तर त्या थांबवल्यावर, किंवा तांबी काढल्यावर, लवकरच मूल राहू शकतं. गोळ्यांनी "कूस बिघडते" हे खोटं. तीन महिन्यांचं इंजेक्शन घेतलं असेल तर मात्र सात ते दहा महिने वाट पाहावी लागू शकते.

"मुलगाच होईल" असं सांगून कुणी औषध दिलं तर हात लावू नका. तसं औषध अस्तित्वात नाही, आणि गर्भलिंग निवडीची जाहिरात करणंसुद्धा गुन्हा आहे. असा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली, आपल्याच महाराष्ट्रानं केला.

किती थांबायचं?

तरुण, निरोगी जोडप्याला कुठल्याही एका महिन्यात दिवस जाण्याची शक्यता चार-पाचात एक एवढीच असते. म्हणजे पहिल्या दोन-तीन महिन्यांत काही झालं नाही तर ते रीतीचंच आहे. वर्षभरात शंभरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी जोडप्यांकडे गोड बातमी येते. उरलेल्यांतल्या निम्म्यांकडे दुसऱ्या वर्षी. म्हणून तुमचं वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर नीट, दिवस साधून प्रयत्न करा आणि मग डॉक्टरांकडे जा. पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांवर थांबू नका. वयाबरोबर बीजं कमी होतात.

काही जणींनी तर अजिबात थांबायचं नाही. पाळी एकवीस दिवसांच्या आत किंवा पस्तीस दिवसांच्या पुढे येत असेल, पाळीत अंथरूण धरावं इतकं दुखत असेल, पूर्वी पोटात पू झाला असेल, नळीत गर्भ राहिला असेल, तर आजच दाखवा. आणि क्षय! स्वतःला किंवा घरात कुणाला क्षय झाला असेल तर ते लपवू नका. आपल्या देशात गर्भनलिका बंद पडण्याचं हे एक मोठं कारण आहे. खोकला नसतो, ताप नसतो, कधी पाळीच बेतानं येते, आणि आत नळ्या चिकटलेल्या असतात. क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितकं नुकसान टळतं.

नळ्या दोन्ही बंद निघाल्या तर तारखेची वही काही करू शकत नाही, हे मोकळेपणानं सांगायला हवं. त्यासाठीच ती टेस्ट ट्यूब बेबीची वाट निघाली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षाचा जन्म झाला, तेव्हा वर्तमानपत्रांनी पहिली पानं भरली होती. आता अशी केंद्रं गल्लोगल्ली दिसतात. २०२१ च्या कायद्यानं त्यांना नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीचा कागद मागायला संकोच करू नका. पण पहिल्याच भेटीत, नवऱ्याची तपासणी न करता, तुमच्या नळ्या न पाहता कुणी थेट तिकडे नेऊ लागलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. नुसतं "क्युरेटिंग करून बघू" म्हणाले तर ते कशासाठी, हे विचारा. बीज फुटण्याच्या गोळ्या जावेला लागू पडल्या म्हणून दुकानातून आणून घेऊ नका; त्यांच्यावर सोनोग्राफीची नजर लागते.

"टेन्शन घेऊ नकोस, मग बघ कसं राहतं" असं सांगणाऱ्यांचंही मनावर घेऊ नका. शांत झोप, थोडं हसणं-खेळणं कुणाला नको आहे? पण काळजीनंच नळ्या बंद पडत नाहीत, की शुक्रजंतू कमी होत नाहीत. म्हणजे पुन्हा दोष तुमच्याच डोक्यावर!

डॉक्टरांकडे जायच्या दिवशी दोघं जा, आणि दोघंही आत जा. त्यांनी बाहेर बाकावर पेपर वाचत बसायचं नाही. बरोबर वर्षभराची वही न्या. आधीचे सगळे रिपोर्ट, सोनोग्राफीच्या फिल्मसुद्धा, तारखेवार लावून एका पिशवीत ठेवा आणि मूळ कागद कुठल्याही दवाखान्यात सोडून येऊ नका, झेरॉक्स द्या. पुढे डॉक्टर बदलायची वेळ आली तर अलीकडच्या तपासण्या पुन्हा पहिल्यापासून कराव्या लागत नाहीत.